जुनी डिझेल इंजिनं: कोण टिकलं, कोण बुडालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याकडून कोल्हापूरला जाणाऱ्या गाड्यांची मिरजेत दिशा बदलते. आमच्या लहानपणी कोयना फलाटाला लागली की डिझेल सुटायचं, शेजारच्या रुळावरून डुलत डुलत गाडीच्या दुसऱ्या टोकाला जायचं आणि पुन्हा जोडलं जायचं. तेवढ्यात आमचा वडापाव आणि इंजिनाचं दर्शन, दोन्ही उरकायचं. ते इंजिन मूळचं अमेरिकेतल्या अशा कंपनीचं होतं जी तिच्या मायदेशी केव्हाच बुडाली होती, हे फार नंतर कळलं. तेव्हापासून या विषयाचं वेड आहे आणि लोक तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

‘लोको’ आणि ‘इंजिन’ एकच ना?

बोलताना एकच. रुळांवरच्या आख्ख्या धुडालाही आपण इंजिन म्हणतो आणि त्याच्या पोटातल्या डिझेल यंत्रालाही. इथे घोळ नको म्हणून धूड ते लोको आणि पोटातलं ते इंजिन. बहुतेक डिझेल लोकोत इंजिन थेट चाकं फिरवत नाही. ते जनरेटर फिरवतं आणि त्या विजेवर आसांना जोडलेल्या ट्रॅक्शन मोटर चालतात. म्हणजे लोको विकत घेणारी रेल्वे खरं तर दोन वस्तू घेत असते, डिझेल इंजिन आणि विजेचं सामान. पुढची निम्मी भांडणं यातूनच निघालेली आहेत.

या शर्यतीत कोण कोण होतं?

अमेरिकेपुरतं बोलायचं तर सहा नावं. वाफेच्या जमान्यातले तीन दादा: फिलाडेल्फियाची बाल्डविन, स्केनेक्टडीची अल्को म्हणजे अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, आणि ओहायोतली लिमा. बाहेरून आलेले तीन: जनरल मोटर्सची ईएमडी, पाणबुड्यांची इंजिनं बनवणारी फेअरबँक्स-मोर्स, आणि विजेच्या सामानातली जनरल इलेक्ट्रिक म्हणजे जीई. वाफेवाले तिघेही गेले. बाहेरच्यांपैकी दोघे टिकले.

शंभर वर्षं लोको बनवणाऱ्यांना डिझेल का जमलं नाही?

बाल्डविन १८३१ पासून या धंद्यात होती आणि तिच्या कारखान्यांतून ७०,००० हून जास्त लोको बाहेर पडले. आपल्याकडच्या डब्ल्यूपी या वाफेच्या लोकोंची पहिली १६ नगांची खेप १९४७ मध्ये बाल्डविननेच पाठवली होती. एवढ्या अनुभवी कंपनीला लोको बनवता येत नव्हता असं म्हणणं वेडेपणाचं होईल. अडचण त्या अनुभवातच होती.

वाफेचा लोको म्हणजे मापं घेऊन शिवलेला कोट. प्रत्येक रेल्वेचा मुख्य अभियंता आपले घाट, आपला कोळसा आणि आपल्या हौशी घेऊन यायचा आणि कारखाना त्याबरहुकूम बनवून द्यायचा. बाल्डविन डिझेलमध्ये उतरली तीही हीच सवय घेऊन. शिवाय वरिष्ठांचा वाफेवर जीव. कंपनीचे अध्यक्ष सॅम्युएल व्हॉक्लेन यांनी १९३० मध्ये सांगितलं होतं की वाफेचं राज्य निदान १९८० पर्यंत चालेल. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या मोठ्या रेल्वेंवरची वाफ १९६० च्या सुमारास संपली.

त्यांच्या डिझेल लोकोंची एक गंमत मला नेहमी नमुनेदार वाटते. डिझेलचा मोठा फायदा हा की दोन-चार लोको जोडून एकच ड्रायव्हर सगळे हाकू शकतो. त्यासाठी सगळ्यांचे नॉच, म्हणजे ताकद कमीजास्त करायच्या पायऱ्या, एकाच विजेच्या तारेवर बोलायला हव्यात. बाल्डविनच्या बऱ्याच लोकोंचा थ्रॉटल हवेच्या दाबावर चालायचा, त्यामुळे ते भावकीतच जोडता यायचे. शेजारी ईएमडी उभा असला तरी दोघांचं जमायचं नाही. ज्या रेल्वेकडे पाच ईएमडी आणि दोन बाल्डविन, तिला ते दोन म्हणजे अवघड जागेचं दुखणं. तेलगळती आणि पाइप-वायरींचा गुंता याबद्दलही त्यांची ख्याती होती. मात्र यार्डात जड डबे ढकलायला बाल्डविनचे शंटर तगडे होते, हे त्यांच्या विरोधकांनीही कबूल केलं. १९५० मध्ये लिमा-हॅमिल्टन त्यांच्यात विलीन झाली आणि १९५६ मध्ये लोको बनवणंच थांबलं.

लिमाचं काय?

१९४९ ते १९५१, दोनशेच्या आत लोको. बस्स. त्या पोरगीला उभं राहायला वेळच मिळाला नाही.

ईएमडीचं इंजिन खरंच इतकं भारी होतं का?

चांगलं होतं, पण नुसत्या इंजिनावर ही लढाई जिंकली गेली असं मी म्हणणार नाही.

आधी इंजिनाचं. जनरल मोटर्सने १९३० मध्ये विंटन ही इंजिनाची कंपनी आणि इलेक्ट्रो-मोटिव्ह ही छोटी कंपनी, दोन्ही विकत घेतल्या. चार्ल्स केटरिंग यांच्या देखरेखीखाली हलकं टू-स्ट्रोक डिझेल तयार झालं. ते बसवलेली बर्लिंग्टन रेल्वेची झेफर ही स्टीलची चकचकीत गाडी २६ मे १९३४ रोजी डेन्व्हरहून निघाली आणि १,०१५ मैल तोडून १३ तास ५ मिनिटांत शिकागोला पोचली. देशभर डंका वाजला. पण ते पहिलं इंजिन नाजूक होतं, पिस्टन टिकत नव्हते. १९३८ मध्ये ५६७ हे नवं इंजिन आलं. नावातला आकडा म्हणजे एका सिलिंडरचं घनफळ, ५६७ घन इंच. कंपनीचं घोडं गंगेत न्हालं ते यामुळे.

५६७ मधली माझी आवडती गोष्ट दुरुस्तीची. सिलिंडर हेड, लायनर, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड हा सगळा संच, म्हणजे पॉवर असेंब्ली, एकत्र उचलून बाहेर काढता यायचा आणि तयार दुसरा संच आत सोडता यायचा. एक सिलिंडर बिघडला म्हणून लोको आठवडाभर शेडात अडकून पडत नसे. बिघडलेला संच नंतर सावकाश दुरुस्त करा, गाडी तोवर मार्गावर.

मग विक्रीचं. १९३९ मध्ये त्यांनी एफटी नावाचा ५,४०० अश्वशक्तीचा, चार भागांचा प्रात्यक्षिक लोको बनवला, क्रमांक १०३. तो अकरा महिने २० रेल्वेंवर, ३५ राज्यांत फिरवला, एकूण ८३,७६४ मैल. वाळवंट, बर्फ, घाट, सगळीकडे त्या त्या रेल्वेच्याच मालगाड्या ओढून दाखवल्या. छापील माहितीपत्रकापेक्षा आपल्या घाटात आपलीच गाडी चढलेली पाहिलेली बरी, हे साधं व्यवहारज्ञान.

आणि तिसरी गोष्ट, जी वाफेवाल्यांच्या पचनी कधीच पडली नाही. ईएमडी गिऱ्हाइकाला सांगायची, रंग तुमच्या आवडीचा, बाकी लोको आमचा जसा आहे तसा. मोटारींच्या धंद्यातून आलेली ही शिस्त. सगळ्यांना तेच सुटे भाग, तीच पुस्तिका, तेच प्रशिक्षण. वाफेवर हयात घालवलेल्या फिटरला डिझेल शिकवायला कंपनीचे लोक यायचे. १९४९ मध्ये आलेल्या जीपी७ च्या वेळी डिझाइनर डिक डिलवर्थ यांनी सौंदर्याला ठरवून फाटा दिला. दोन्ही बाजूंना दिसेल असा कॅब, इंजिनावर लांबलचक हूड म्हणजे पत्र्याचं कवच, दार उघडलं की हाताला इंजिन. असे २,७०० हून जास्त खपले. बाहेरून पाहिलं तर पत्र्याचं कपाटच ते, पण ज्याला रात्री दोनला त्यात हात घालायचाय त्याला विचारा.

महायुद्धात सरकारने ईएमडीला झुकतं माप दिलं, असं म्हणतात. खरं?

अर्धं खरं. १९४२ मध्ये युद्ध उत्पादन मंडळाने कामं वाटून दिली. मालगाड्यांचे मोठे डिझेल लोको ईएमडीने बनवायचे. अल्को आणि बाल्डविनने मुख्यतः शंटर आणि वाफेचे लोको. युद्ध संपलं तेव्हा ईएमडीच्या गाठीशी हजारभर एफटींचा अनुभव होता आणि बाकीचे कोऱ्या पाटीवर होते. पण हेही लक्षात घ्या की १९४२ मध्ये तसला सिद्ध झालेला लोको फक्त ईएमडीकडेच होता. सरकारने पळणाऱ्या घोड्यावर पैसे लावले. अल्कोचे चाहते ही गोष्ट सांगताना हा भाग हमखास गाळतात.

अल्कोच्या पदरी त्या काळातलं एक मोठं यश मात्र नक्की आहे. १९४१ चा आरएस-१ हा त्यांचा लोको यार्डातही चाले आणि मार्गावरही. आज ज्याला रोड-स्विचर म्हणतात, त्या घराण्याचा हा मूळपुरुष. पहिले १३ अमेरिकन लष्कराने इराणमधल्या रेल्वेसाठी उचलून नेले. जीपी७ ही कल्पना पुढे त्याच वाटेने गेली, म्हणजे शोध अल्कोचा आणि मलई ईएमडीला.

अल्कोच्या २४४ इंजिनाला झालं तरी काय?

घाई झाली. युद्ध संपताच बाजारात उतरायचं होतं. ईएमडी पुढे निघून गेली होती आणि अल्कोने २४४ पुरेसं तावून सुलाखून न घेता विकायला काढलं. १९४६ मध्ये अल्कोचा ७५,००० वा लोको म्हणून सांता फे रेल्वेच्या पीए या देखण्या लोकोचा न्यूयॉर्कमधल्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात सोहळा झाला. पुढचा भाग तितका देखणा नाही. क्रँकशाफ्ट तुटायचे आणि टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंखे, त्रास द्यायचे. १९५४ मध्ये सांता फेने नेमक्या त्याच सोहळ्यातल्या संचातून अल्कोची इंजिनं काढून ईएमडीची ५६७ बसवली. वरून अल्को, आत प्रतिस्पर्धी. एखाद्या कंपनीचा याहून जाहीर पाणउतारा मला तरी आठवत नाही.

बाकीच्या पीएंची मात्र अशी शस्त्रक्रिया झाली नाही, कारण तो खर्च परवडत नव्हता.

मग २५१ हे इंजिनही तसंच?

नाही, आणि इथेच लोकांची गल्लत होते. १९५० च्या दशकाच्या मध्यावर आलेलं २५१ हे अतिशय मजबूत, दमदार इंजिन. चार-स्ट्रोक, सिलिंडरचा व्यास ९ इंच, पिस्टनचा पल्ला साडेदहा इंच. अल्कोने चूक सुधारली होती, पण अमेरिकन रेल्वेंनी तोवर वाफ जवळजवळ हद्दपार करून टाकली होती. हजारोंनी खरेदी व्हायची ती होऊन गेली होती. एकदा शेडात ईएमडीचे सुटे भाग आणि ईएमडीवर शिकलेले फिटर भरले की दुसऱ्या कंपनीला कितीही चांगलं इंजिन घेऊन आत शिरणं कठीण. परीक्षा संपल्यावर अभ्यास पूर्ण झाला, असं काहीसं.

जीईने अल्कोचा विश्वासघात केला का?

धंद्यात याला विश्वासघात म्हणत नाहीत, पण अल्कोवाले म्हणतात. १९४० पासून दोघांची भागीदारी होती. डिझेल अल्कोचं, विजेचं सामान जीईचं. १९५३ मध्ये ती मोडली. १९५९-६० च्या सुमारास जीईने २,५०० अश्वशक्तीचा स्वतःचा यू२५बी आणला. हूडमधली हवा गाळून दाबाखाली ठेवलेली, त्यामुळे धूळ आत शिरत नाही आणि विजेची रचना सोपी. गंमत म्हणजे अल्को जनरेटर आणि मोटरी अजूनही जीईकडूनच घेत होती. ज्याच्याशी शर्यत, त्याच्याच घोड्यावर स्वार. काही वर्षांत जीई दुसऱ्या क्रमांकावर आणि अल्को तिसऱ्यावर. १९६३ ची सेंच्युरी मालिका हा अल्कोचा शेवटचा जोर. जानेवारी १९६९ मध्ये स्केनेक्टडीत लोको बनवणं बंद झालं.

पाणबुडीत उत्तम चालणारं फेअरबँक्स-मोर्सचं इंजिन रुळांवर का आपटलं?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण इथे दोष इंजिनाचा म्हणावा की जागेचा, हेच ठरत नाही.

हे ऑपोज्ड-पिस्टन इंजिन. एका सिलिंडरमध्ये दोन पिस्टन, एक वरून खाली येतो, एक खालून वर जातो, मध्ये ज्वलन. सिलिंडर हेड नाही, झडपा नाहीत, पण क्रँकशाफ्ट मात्र दोन, एक वर आणि एक खाली. पाणबुडीत ते बराच वेळ एका लयीत चालतं, थंड करायला अख्खा समुद्र आहे, आणि देखभालीला नौदलाची माणसं चोवीस तास हजर. रुळांवर? नॉच सतत वरखाली, पाणी तेवढंच जेवढं रेडिएटरमध्ये आहे, वाळवंटातली धूळ, आणि देखभाल शेडाच्या वेळापत्रकाप्रमाणे.

त्यात दुरुस्तीची तऱ्हा अशी की आतल्या कामासाठी आधी वरचा क्रँकशाफ्ट उचलायचा. म्हणजे क्रेन हवी, उंच छप्पर हवं आणि वेळ हवा. ईएमडीच्या पॉवर असेंब्लीशी तुलना करून पाहा. एका घरात गळका नळ बदलायचा आहे, दुसऱ्या घरात त्यासाठी आधी माळा उतरवावा लागतोय.

तरीही त्यांचा १९५३ चा ट्रेन मास्टर, २,४०० अश्वशक्ती, काळाच्या पुढे होता. त्याच्या बारा सिलिंडरमध्ये चोवीस पिस्टन. एकूण १२७ बनले. सदर्न पॅसिफिकने आपले ट्रेन मास्टर सॅन फ्रान्सिस्को–सॅन होजे लोकल गाड्यांना लावले आणि तिथे ते १९७० च्या दशकापर्यंत टिकले. कारण स्टेशनावरून चटकन वेग घेण्यात त्यांचा हात कुणी धरत नव्हतं. कंपनीने १९६३ मध्ये लोको बनवणं थांबवलं. नंतर अल्को २५१ चे हक्क फिरत फिरत याच फेअरबँक्स-मोर्सकडे आले, हा नशिबाचा खेळ.

जनरल मोटर्सवर खटला झाला होता ना?

झाला होता. १९६१ मध्ये मक्तेदारीचा आरोप ठेवला गेला. आरोपाचा गाभा असा की मोटारी आणि सुटे भाग रेल्वेने पाठवणारी जनरल मोटर्स ही देशातली अवाढव्य गिऱ्हाईक; आमचा लोको घ्या, आमचा माल तुमच्या रुळांवरून जाईल, असा दबाव ती आणते. १९६४ मध्ये सरकारने खटला मागे घेतला. माझं मत विचाराल तर दबाव असो-नसो, शेडातल्या फोरमनने ईएमडीच्या जीपी९ ला नाक मुरडलं असतं तर वरच्या साहेबांचा दबाव फार दिवस टिकला नसता.

ब्रिटनमध्ये पण असंच झालं?

तिथे उलटी गंगा. १९५५ च्या आधुनिकीकरण योजनेत आधी १७४ लोको चाचणीसाठी मागवायचे आणि मग ठरवायचं, असा शहाणा बेत होता. पण चाचणीचे निकाल यायच्या आतच मोठ्या ऑर्डरी सुटल्या, त्याही बऱ्याच कंपन्यांत वाटून. भारताला वाफेचे कितीतरी लोको देणारी ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश यातच घायाळ झाली. तिचे डिझेल लोको इतके बंद पडायचे की कंपनीही १९६२ मध्ये बुडाली. मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सचे २० लोको क्रॉसली इंजिनांमुळे बदनाम झाले. तरले ते इंग्लिश इलेक्ट्रिकचे, साधे, जड, खाऊनपिऊन सुखी लोको. त्यांच्या क्लास ३७ पैकी काही अजून कामावर आहेत.

डेल्टिकचा उल्लेख राहायला नको. ३,३०० अश्वशक्ती, नेपियरची दोन गुंतागुंतीची इंजिनं, फक्त २२ लोको. शेडातल्या माणसाने ती उघडायचीच नाहीत. ठरलेल्या तासांनी इंजिन उतरवायचं, कंपनीकडे पाठवायचं आणि दुसरं चढवायचं. अशा करारामुळे एवढं नाजूक यंत्र वीस वर्षं धावलं.

भारताने बुडत्या अल्कोचीच निवड का केली? जीएम, म्हणजे जनरल मोटर्स, जास्त चांगली होती ना?

पहिलं, १९६० च्या आसपास अल्को बुडती दिसत नव्हती. १९५७ पासून आपल्याकडे त्यांचे १०० डब्ल्यूडीएम-१ येत होते आणि १९६२ मध्ये डब्ल्यूडीएम-२ आला, १६ सिलिंडरचं २५१ इंजिन, २,६०० अश्वशक्ती. त्याच वेळी जीएमचेही तेवढ्याच ताकदीचे ७२ लोको आले, डब्ल्यूडीएम-४. म्हणजे दोन्ही पैलवान आखाड्यात उतरवले होते.

दुसरं, आणि खरं कारण हे, की आपल्याला लोको नको होते, लोकोचा कारखाना हवा होता. वाराणसीत डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स उभी राहत होती. अल्कोने तंत्रज्ञान हस्तांतरणाचा करार केला, जीएमबरोबर तसा करार तेव्हा झाला नाही. जानेवारी १९६४ मध्ये वाराणसीतून पहिला डब्ल्यूडीएम-२ बाहेर पडला. पाच वर्षांनी अल्को बंद पडली तरी आपलं काही अडलं नाही, कारण आराखडे इथे, साचे इथे, कारागीर इथे. विकणारा मेला तरी दुकान चालू राहिलं.

डब्ल्यूडीएम-४ खरंच सरस होता का?

रेल्वेतले जुने लोक त्याचं नाव काढलं की अजून हळवे होतात. मुगलसराय शेडाचे हे लोको. १९६९ मध्ये हावडा–दिल्ली राजधानी सुरू झाली तेव्हा तिला हेच लागले. गुणवत्तेत तो मागे नव्हताच. पण ७२ लोकोंसाठी सुटे भाग परदेशातून आणायचे आणि दुसरीकडे अडीच हजारांहून जास्त डब्ल्यूडीएम-२ साठी भाग गल्लीबोळातल्या कारखान्यांतूनही मिळतात, ही तुलनाच विषम.

भारतातल्या अल्को विश्वासार्ह होत्या का?

मध्येच बंद पडायच्या, टर्बो जायचे, तेल गळायचं. आणि तरीही हो.

पुण्याच्या घोरपडी शेडात किंवा कल्याणला काम केलेल्या फिटरला विचारलंत तर तो आधी शिव्या देईल, मग कुठला नट किती पिळला की गळती थांबते ते सांगेल. ही माहिती पुस्तिकेत नव्हती, तीस-चाळीस वर्षांत हातांत मुरलेली होती. मोठी दुरुस्ती परळच्या कारखान्यात, नूतनीकरण पटियाळाला, संशोधन लखनौच्या आरडीएसओत. त्याच १६ सिलिंडरच्या इंजिनातून २,६०० वरून ३,१०० आणि मग ३,३०० अश्वशक्ती काढली ती या मंडळींनी. मूळ कंपनी बंद पडून पंचवीस वर्षं उलटून गेल्यावर तिचं इंजिन सुधारत राहिलं, हे दृश्य रेल्वेच्या दुनियेत विरळाच.

एक खोड मात्र शेवटपर्यंत राहिली. थंड झालं की चालू करायला त्रास देतं म्हणून रात्र-रात्र इंजिन नुसतंच धडधडत ठेवायचं. त्यात किती डिझेल जळालं असेल देव जाणे. नंतर त्यासाठी छोटं सहायक इंजिन बसवायला सुरुवात झाली.

शेवटी जीएमच आली ना?

आली. १९९५ मध्ये करार झाला, या वेळी तंत्रज्ञानासकट. १९९९ मध्ये ४,००० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीजी-४ आले आणि त्यांचं पहिलं घर हुबळी. गोव्यात कुळ्याहून कॅसल रॉककडे १:३७ चा चढ चढताना मागेपुढे लावलेले ईएमडी ज्याने ऐकलेत त्याला जास्त समजावून सांगायला नको. १९६२ मध्ये हुकलेली सोयरीक सदतीस वर्षांनी जमली.

अमेरिकेत तोवर वारं फिरलं होतं. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर कमी डिझेल पिणारी जीईची चार-स्ट्रोक इंजिनं रेल्वेंना आवडू लागली. त्यातच ताकद वाढवण्याच्या नादात ईएमडीचा एसडी५० फसला. एकेकाळी २४४ ने अल्कोचं जे केलं तेच थोडक्यात. १९८० च्या दशकात जीई पुढे गेली. ईएमडी २०१० मध्ये कॅटरपिलरच्या प्रोग्रेस रेलकडे गेली आणि जीईचा रेल्वे विभाग २०१९ मध्ये वॅबटेकमध्ये विलीन झाला.

अल्को इतका काळा धूर का ओकते?

टर्बोमुळे. नॉच वाढवला की इंजिनाचा गव्हर्नर नावाचा भाग लगेच जास्त डिझेल सोडतो. पण अल्कोचा टर्बो धुराच्या झोतावरच फिरतो, त्याला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तोवर डिझेल जास्त, हवा कमी, म्हणून काळा लोट. ईएमडीच्या जुन्या इंजिनात हवेचा ब्लोअर थेट क्रँकशाफ्टवर चाले, आणि नंतरच्या टर्बोलाही सुरुवातीला गिअरचा धक्का मिळतो. म्हणून तिथे धूर कमी. अमेरिकन शौकीन अल्कोला ‘मानद वाफेचा लोको’ म्हणतात ते यासाठी.

नेरळ–माथेरानची छोटी डिझेलं कुणाची?

पहिली जर्मनीच्या युंग कंपनीची, १९५० च्या दशकातली. वरच्या दंगलीशी त्यांचा संबंध नाही.

न बघता, नुसतं ऐकून ओळखता येतं का?

येतं. उभा असलेला अल्को एका लयीत धडधडत नाही. धक्-धक्, मग किंचित अडखळ, पुन्हा धक्. दम्याच्या आजोबांसारखं. फलाटावर जवळ उभं राहिलं तर पायाखालच्या फरशीतून ते जाणवतं. मग गाडी सुटते, नॉच चढतो, आधी छताच्या वर काळा गुच्छ उठतो आणि त्यामागोमाग टर्बोची शीळ, हळूहळू वर जाणारी. ईएमडीचा टू-स्ट्रोक एकसलग घुमतो, लांबून मोठ्या भुंग्यासारखा, आणि नॉच वाढला तरी सूर वर चढतो, लय तुटत नाही.

आता पुणे–मिरज मार्गावर तारा आल्या आहेत, कोकण रेल्वेचंही विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. अल्को ऐकायचीच असेल तर एखाद्या मोठ्या यार्डाच्या बाहेर पहाटे उभं राहा, जिथे अजून शंटिंगला एखादी ठेवलेली असते. अमेरिकेत राहणाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनला जावं. तिथली डेलावेअर-लॅकवाना ही छोटी रेल्वे अल्कोंसाठीच ओळखली जाते. थंडीच्या सकाळी गेलात तर शीळ जास्त स्पष्ट ऐकू येते.